तीन शिट्ट्या, सात चिमटे

सुट्टी झाली की वर्गातली खेळणी मी आवरून ठेवते, किस्से मात्र आवरत नाहीत. रोज एखादा नवा पडलेला असतोच. वाघोलीत मी बालवर्गाला शिकवते. चार-पाच वर्षांची मुलं. अंक गिरवायचा गृहपाठ मी बंद केला आणि त्याऐवजी घरातली कामं द्यायला लागले. ताटं मांडा, मोजे जुळवा, शेंगा मोजून सोला. तेव्हापासून पालकांचे फोन वाढलेत.

*

पहिला फोन अन्वयच्या बाबांचा. आयटीवाले, एरवी घरूनच काम करतात. त्या दिवशी नेमकं ऑफिसला बोलावलेलं.

"टीचर, माझ्या कपाटात एकही मोजा नाही."

मी अन्वयचं दप्तर उघडलं. आत मोज्यांच्या नऊ जोड्या, नीट घड्या घालून.

"अरे, घरी जुळवायला सांगितले होते ना? इथे कशाला आणलेस?"

"मग तुम्ही तपासणार कसे?"

बाबांनी ते फोनवर ऐकलं. "तपासून घ्या," ते म्हणाले, "मी तसाच जातो."

*

मिहिराला आईने कुकरच्या शिट्ट्या मोजायला बसवलं. तीन झाल्या की हाक मारायची. तिने हाक मारली, आईने गॅस बंद केला. जेवायला बसल्यावर कळलं, भात कच्चा.

"तीन झाल्या होत्या ना गं?"

"हो. दोन आपल्या, एक शेजारच्या काकूंची."

तिच्या आईने हे मला सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, "बेरीज तर बरोबर आहे."

"बेरीज बरोबरच आहे हो. भात चुकला."

*

शर्वरीचे आजोबा मात्र खरोखर चिडले होते. "आम्ही नातीला शिकायला पाठवतो, कपडे वाळत घालायला नाही. सोमवारपासून ती दुसऱ्या शाळेत जाईल." मी समजावू लागले, तर ते निघूनही गेले. रविवार मला जड गेला.

सोमवारी ते शर्वरीचा हात धरून दारात उभे.

"काल हिने सहा रुमाल वाळत घातले. किती चिमटे लागतील?"

"बारा," मी म्हटलं.

"मीही तेच म्हणालो. हिने सातांत भागवलं. शेजारशेजारच्या दोन रुमालांची टोकं एकाच चिमट्यात. कोणी शिकवलं?"

"कोणीच नाही."

त्यांनी तिचा हात सोडला. "डबा संपव गं," एवढं तिला म्हणाले आणि गेले.

*

स्वराची आजी इथलीच, जुन्या गावातली. शाळेची पायरी कधी चढल्या नव्हत्या. मी त्यांना वर्गात भाकरी करायला बोलावलं, तर संकोचल्या. "बाई, मला गनित येत न्हाई. पोरांम्होरं हसं हुईल."

शेवटी आल्या. त्या दिवशी वर्गात अकरा मुलं होती. आजींनी पीठ मळलं, मुलांवरून एकदा नजर फिरवली आणि गोळे करायला घेतले. अकरावा गोळा झाला आणि परात रिकामी. मी एकेक गोळा वजनकाट्यावर ठेवत गेले. सगळे जवळपास सारखे.

"आजी, हा अकराने भागाकार झाला."

"ह्ये गनित हाय?"

"हो."

आजींनी पदराला हात पुसले, मांडी नीट घातली आणि म्हणाल्या, "आता दुसरं गनित घाला."