दादाच्या हातची गोळी

माझ्या डोक्याने मला फसवलं, ते मी कधीच माफ केलंय. त्याला कळत नव्हतं. दादाला कळत होतं.

स्किझोफ्रेनिया हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारत नाही. ‘तिचं ते’ म्हणतात. नाशिकच्या डॉक्टरांनी मात्र मला नीट समजावलं होतं. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन असतं. कशाकडे लक्ष द्यायचं आणि काय सोडून द्यायचं, हे ठरवण्यात त्याचा हात असतो. माझ्या मेंदूत काही ठिकाणी ते जास्त उसळतं, मग कुकरची शिट्टीसुद्धा माझ्यासाठीच वाजते. तेवढं एकच कारण नाही, आणखीही रसायनं आहेत, सगळं अजून कुणालाच उलगडलेलं नाही, असंही ते म्हणाले. पण गोळी सुरू झाली आणि शिट्टी नुसती शिट्टी झाली. मी दिंडोरीकडे द्राक्षांच्या पॅकिंगला जायला लागले.

जेवण झालं की दादा गोळी हातावर ठेवायचा. नांदगावचं स्थळ आलं आणि गोळीचा रंग बदलला. “कंपनी बदलली गं, औषध तेच,” दादा म्हणाला. दादा देतोय म्हटल्यावर काय बघायचं? गिळली.

काही आठवड्यांत शिट्ट्या परत माझ्याशी बोलायला लागल्या. पॅकिंगच्या बाया हसल्या की माझ्यावरच हसायच्या. त्या सगळ्या खुळ्या संशयांत एक असा होता की दादा गोळीत काहीतरी करतोय. मी त्याला तोंडावर विचारलं. दुसऱ्या दिवशी त्याने मला आणि आईला गाडीत घालून डॉक्टरांकडे नेलं आणि माझ्यादेखत म्हणाला, “बघा साहेब, आता माझ्यावरच संशय घेती.”

डॉक्टरांनी मान हलवली. या आजारात असं होतं म्हणाले. मीही मान हलवली. भाऊ खरा आणि माझं डोकं खोटं, असं मीच धरून चालले, हे आठवलं की आजही अंगाची आग होते.

मग आई बोलली. “ती खरं सांगती, साहेब. यानं गोळी बदललीय. ताकदीच्या गोळ्या देतोय नुसत्या. मी गप बसले.”

दादा शरमलासुद्धा नाही. “द्राक्षांच्या तोडणीआधी फवारणी बंद करतोच ना आपण? औषधाचा अंश राहिला तर माल परत येतो. म्हटलं लग्नाआधी हिच्या अंगातलं औषध उतरू द्यावं.”

“अहो, औषध उतरलं की आजार वर येतो,” डॉक्टर म्हणाले.

बागेत जन्म गेलेला माणूस. चुकला असेल, तेवढं मी सोडून दिलं असतं. पण खरं काय ते ठाऊक असून चारचौघांत त्याने मलाच वेडी ठरवलं. केसाने गळा कापला माझा.

स्थळ मोडलं. गोळी आता मी स्वतः आणते, स्वतः घेते. शिट्ट्या गप्प झाल्या, बाया आपापल्या गोष्टींवर हसतात. संशय एकेक करून गेले. दादावरचा तेवढा राहिलाय.

काल त्याने मला पाण्याचा पेला दिला. मी तो मोरीत ओतला आणि माठातून दुसरा भरून घेतला. वहिनी आईला हळूच म्हणाली, “ताईंना अजून पूर्ण बरं वाटत नाहीये.”