बिनशेपटीची चिमणी

टाकेमावशी म्हणजे नाकावर राग आणि तोंडात टाचण्या. पडदे शिवायची. पुढच्या खोलीत कुणाचे ना कुणाचे पडदे टांगलेले असायचे आणि दुपारचं ऊन आलं की अख्खी खोली कधी निळी, कधी केशरी होऊन हलायला लागायची. शेजारणी म्हणायच्या, बाई स्वप्नात राहते. राहते तर राहते, कुणाच्या बापाचं काय जातं!

तिचा नवरा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. गल्ली त्याला पेंटर म्हणायची, रागात असली की मावशीही. जेवण झालं की तो मशीनजवळ स्टूल ओढायचा, खिशातलं लाल पेन काढायचा आणि तिच्या डाव्या हातावर, मनगटाच्या जरा वर, चिमणी काढायला बसायचा. रोज. आधी चोच, मग डोकं, पोट, पंख. शेपटीपाशी आला रे आला, की ती हात ओढून घ्यायची.

"सोडा हो हात, टाका चुकेल माझा!"

"बरं, शेपूट उद्या," म्हणत तो पेनाला टोपण लावायचा. संध्याकाळी भांडी घासताना चिमणी धुऊन जायची. इतक्या वर्षांच्या संसारात एकाही चिमणीला शेपूट म्हणून आलं नाही.

एका दुपारी तो अशीच चिमणी काढून पाटी लावायला गेला. काम उरकून शिडीवरून उतरला, जरा टेकतो म्हणाला आणि टेकला तो टेकलाच. त्या दिवसापासून मावशीनं डावा हात पाण्यात घातला नाही. लेकीनं विनवलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. रेघा पुसट व्हायला लागल्या तशी मावशी उठली, तडक बाजारातल्या टॅटूवाल्याकडे गेली आणि हात पुढे केला.

"यावरूनच गिरव. लालच रंग. आपली अक्कल चालवून शेपूट काढलंस तर याद राख."

त्या बिचाऱ्यानं श्वाससुद्धा बेतानं घेतला.

मावशीला आधीपासून काचबिंदू होता. गेलेली नजर परत येत नाही, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. दोन्ही बाजूंनी पडदा सरकत यावा तसं जग मधोमध उरलं, मग तेही धुकट झालं. सुईत दोरा लेक ओवून द्यायची, बाकी शिवण बोटांच्या भरवशावर. पण चिमणीही दिसेनाशी झाली, आणि ते दुःख मावशीनं कुणाला सांगितलं नाही.

मग एके दिवशी हाताला खाज सुटली. खाजवायला अंगठा नेला तर रेघ लागली. वर आलेली, दोऱ्यासारखी. अंगठा रेघेवरून चालत गेला: चोच, डोकं, पोट, पंख.

"अगंबाई!" मावशी रिकाम्या खोलीत म्हणाली. "अहो, दिसतेय की मला!"

त्या दुपारी ती इतकी सुखात होती की पडद्याला घडी घालायची विसरली. पुढं रोज खाज वाढली, रेघा सुजल्या, भेगाळल्या, पाझरायला लागल्या. मावशीनं लांब बाह्यांचं पोलकं शिवलं आणि दुखणं अंगावर काढलं. गिऱ्हाइकाच्या पांढऱ्याशुभ्र पडद्यावर पिवळे डाग पडले तेव्हा कुठं लेकीनं बाही वर केली.

"आई, हे काय?"

"डास चावला."

"चोच असलेला?"

लेक हात धरून दवाखान्यात घेऊन गेली. हात दाखवून अवलक्षण कशाला, असं मावशी वाटभर पुटपुटत होती. कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी हात दिव्याखाली धरला, भिंगातून पाहिला, कणभर कातडी तपासायला पाठवली. पुढच्या खेपेला त्या म्हणाल्या, "लाल शाईची ॲलर्जी आहे. लाल रंगच जास्त करून असा त्रास देतो. आधी जखम सुकवू, मग फुगलेल्या रेघांत बारीक सुईनं औषध सोडू. लेझर नको, शाई फुटून अंगभर पुरळ उठायची भीती."

"आणि रेघा?"

"सपाट होतील. रंग राहील थोडाफार."

"मग नको. खाज तेवढी घालवा."

"मावशी, खाज काय नि फुगवटा काय, दुखणं एकच आहे. चिघळलं तर हात शिवणाचा राहणार नाही."

"रंग घेऊन काय करू मी?" मावशी कळवळली. "मी अंगठ्यानं बघते हो त्यांना!"

डॉक्टरीणबाईंनी हात सोडला नाही, मावशीनंच तो ओढून घेतला. मावशी तशीच घरी आली आणि हट्टानं मशीनवर बसली. डाव्या हातानं कापड पुढं सारलं, कळ डोक्यात गेली, शिवण वाकडीतिकडी धावली. तिनं ती बोटांनी चाचपली. बराच वेळ चाचपली.

"टाका चुकेल म्हटलं की ते हात सोडायचे गं," ती लेकीला म्हणाली. "ने मला उद्या."

जखम सुकली. मग दर खेपेला सुया टोचल्या आणि चिमणी थोडी थोडी बुडत गेली. आधी पंख, मग पोट. शेवटी चोच. अंगठा फिरवला तर साधी, गुळगुळीत कातडी. "गेले," मावशी म्हणाली आणि दवाखान्याच्या बाकावर बसून लहान पोरीसारखी रडली.

हात बरा झाला, शिवण सरळ यायला लागली. अंगठा मात्र सवयीनं मनगटाकडे जायचा आणि तसाच परत यायचा. लेकीला ते बघवेना. एका दुपारी खोली निळ्या पडद्यांनी भरलेली असताना तिनं खणातून बापाचं लाल पेन काढलं. शाई कधीच वाळली होती. स्टूल ओढून ती मशीनजवळ बसली, आईचा डावा हात मांडीवर घेतला आणि कोरडं टोक अजून दिसत असलेल्या फिकट रेघेवर ठेवलं.

चोच. मावशी दचकली. डोकं. पोट. मशीनची गती मंदावली. तेच गार टोक, तीच गुदगुली, तेच वळण. पंख.

"सोडा हो हात, टाका—" तोंडातून निघूनच गेलं. पेन थांबलं.

"आई, पुढं रेघच नाही," लेक हळूच म्हणाली.

मावशीनं मशीनवरचा पाय काढला. हात मात्र होता तिथंच ठेवला.

"काढ," ती म्हणाली. "चुकला टाका तर चुकला."