बेटीची खजुरी

देरा भागातल्या आमच्या ऑफिसात फोन केला की पलीकडून जो आवाज यायचा, त्याच्या प्रेमात निम्मी दुबई होती. ऐकणाऱ्याला वाटायचं, पंचविशीतली कोणीतरी नाजूक मुलगी असणार. प्रत्यक्षात बेटी लोपीस ही चाळिशी ओलांडलेली, उंच, हाडापेराने मजबूत अशी वसईकडची बाई होती आणि नाजूकपणाशी तिचा संबंध त्या आवाजापुरताच होता. मी शेजारच्या टेबलावर टायपिंग करायचे. 'गुड मॉर्निंग, सर' असं मधाळ बोलून झालं की रिसीव्हर ठेवता ठेवता ती त्याच सरांना मराठीत अशी शेलकी विशेषणं लावायची की माझं टायपिंग हमखास चुकायचं.

बेटी अठ्ठ्याऐंशी साली दुबईत आली. वडील गेलेले, मागे आई आणि भावंडं. भावांची शिक्षणं, बहिणीचं लग्न, गावच्या घरावर स्लॅब, सगळं या आवाजाच्या जिवावर झालं. स्वतः मात्र ती देऱ्यातल्या शेअरिंगच्या खोल्यांमधून फिरत राहिली. पलंग कोणाचा तरी सोडून गेलेला, फ्रिज चौघींचा, पडदासुद्धा आधीच्या बाईने लावलेला. नव्याण्णव साली धाकट्या भावाचं लग्न उरकलं आणि बेटीने सतवा भागात एका जुन्या व्हिलामागचं आउटहाउस भाड्याने घेतलं. एक खोली, किचन आणि समोर भिंतीने बंदिस्त अंगण. अंगणात बोरीचं झाड. सामान लावून होण्याआधीच तिने मला सांगितलं, "स्मिता, आता मी कुत्रा पाळणार. दार उघडलं की घरात कोणीतरी उठून उभं राहायला पाहिजे ग."

घरमालक अहमद हा मोठा शांत माणूस होता. अंगात पांढराशुभ्र पायघोळ अरबी कंदुरा, हातात गाडीच्या किल्ल्या, आणि हिंदी आमच्यापेक्षा बरी. त्याने परवानगी दिली, पण बोट वर करून दिली. "एक कुत्ता, मॅडम. अच्छावाला. शिकायत आया तो खलास. कुत्ता भी, घर भी."

म्हणजे कुत्रा चुकला तर घरही जाणार होतं, आणि बेटीच्या आयुष्यातलं ते पहिलं घर. मी लगेच सल्लागार झाले. कुत्र्यांतलं मला ओ की ठो कळत नव्हतं, पण सल्ला द्यायला ते कधी लागतं? मी म्हटलं, ब्रीडरकडूनच घ्यायचा. जात माहीत असली की स्वभाव माहीत असतो. रस्त्यावरचं मिश्र कुत्रं आणलं आणि उद्या ते कोणाला चावलं तर? बेटीलाही ते पटलं, पण तिचं कारण वेगळं होतं.

"आयुष्यभर सगळं सेकंड हँड वापरलं," ती म्हणाली. "ही एक गोष्ट मला फर्स्ट हँड पाहिजे. फुल पेपर्ससकट."

ब्रीडर शोधायला लांब जावं लागलं नाही. त्याच गल्लीत, दोन घरं सोडून, मॉरिस राहत होता. हाही वसईचाच. दिवसा शिपिंग कंपनीत मोठ्या खुर्चीवर, आणि घरी पॉमेरियनची पिल्लं विकायचा जोडधंदा. त्याचं नाव काढल्यावर बेटीने विषयच बदलला. मला वाटलं, किमतीला बिचकली. मी तिला जवळजवळ ओढतच घेऊन गेले.

मॉरिसच्या हॉलमध्ये शिरलो आणि कानाचे पडदे फाटायची वेळ आली. मागच्या एसी खोलीतून नुसता कल्लोळ चालला होता. भिंतीवर फ्रेम केलेली वंशावळ होती. मॉरिसने आमच्यासमोर पिल्लू आणून ठेवलं, कापसाचा गोळाच, आणि बोलायला सुरुवात केली.

"हा आजोबा, ही आजी, तिच्या वरती पणजी. चार जनरेशन्स प्युअर. पंधराशे दिरहम, म्हणजे धर ना, सतरा-अठरा हजार रुपये. पण क्वालिटी बघ." मग बेटीकडे न बघताच तो पुढे म्हणाला, "आजकाल लोक त्या मिक्स कुत्र्यांच्या मागे लागलेत. फ्री मिळतात ना! मी सांगतो, मिक्सचं काही खरं नाही. रक्तात काय असतं कोणाला माहीत?"

बेटीने मांडीवरचं पिल्लू हळूच खाली ठेवलं. "हे वाक्य मी ऐकलंय, मॉरिस," ती म्हणाली आणि उठून चालती झाली. मी मागून धावले.

गल्लीच्या टोकाला, बेकरीसमोर, तिने मला सगळं सांगितलं. पंच्याऐंशी साली हाच मॉरिस आईला घेऊन तिला बघायला आला होता. बेटीचे वडील वाडवळ, आई कोळीवाड्यातली. दोघांनी चर्चमध्ये रीतसर लग्न केलेलं, पण वसईत ख्रिस्ती होऊन चारशे वर्षं उलटली तरी सोयरीक जुळवताना कोण कुठल्या समाजाचं हे आधी विचारतात. मॉरिस पोटभर जेवला, बेटीच्या आईने तळलेले फुगे, म्हणजे मैद्याचे गोल गोडसर वडे, ताटभर संपवले आणि आठवड्याने मध्यस्थाकडून निरोप पाठवला. मुलगी चांगली आहे, पण मिक्स आहे. रक्तात काय असतं कोणाला माहीत. निरोप गावभर झाला. पुढे आणखी दोन स्थळं येऊन बघून गेली, तीही त्याच वाटेने. बेटीची आई मरेपर्यंत स्वतःलाच दोष देत राहिली.

मला इतका संताप आला की परत जाऊन त्या वंशावळीची फ्रेम त्याच्या डोक्यात घालावीशी वाटली. बेटी मात्र शांत होती. "तू टॅक्सीचं बघ," ती म्हणाली. "शुक्रवारी माससाठी ऊद मेथाच्या चर्चला जाऊ आणि तिथून पुढे."

शहराबाहेर काही गोऱ्या बायका मिळून टाकून दिलेली, वाळवंटात सापडलेली कुत्री सांभाळायच्या. आम्ही पोचलो तेव्हा जाळीआड एकच गलका उडाला. प्रत्येक कुत्रं उड्या मारून मलाच घ्या म्हणत होतं. एक तेवढी कोपऱ्यात पडून होती. पिकल्या खजुराचा रंग, काटकुळ्या लांब तंगड्या, पोट आत गेलेलं, एक कान उभा आणि एक पडका. रूप म्हणावं असं काहीच नाही. तिथली मॅडम म्हणाली, आई सलुकी असावी, अरबांचा शिकारी कुत्रा असतो तो. बाप कोण, देव जाणे. बेटी जाळीच्या आत गेली तशी ती उठली, सावकाश चालत आली आणि बेटीच्या पायाला सगळं अंग टेकवून उभी राहिली.

"हीच," बेटी म्हणाली. तिचा फोनवरचा आवाज कुठच्या कुठे गेला होता.

पण मॅडमने लगेच दिली नाही. म्हणाली, आधी आम्ही येऊन तुमचं घर बघणार, मग ठरवणार.

घर बघायला येणार! बघायला येणं म्हणजे काय ते आम्हा दोघींना एकाच पद्धतीचं माहीत. त्या दिवशी बेटीने सकाळपासून फुगे तळले. लेसचे पडदे धुऊन लावले, मोत्यांचा सेट घातला. मी मुलीकडची वडीलधारी म्हणून रेशमी साडी नेसून खुर्चीत बसले. मॅडम आली ती हाफ पँट आणि धुळीने भरलेले बूट घालून. मी तिला बसवलं आणि सुरुवात केली, "शी कुक्स व्हेरी नाइस. स्टिचिंग ऑल्सो. व्हेरी होमली." मॅडमने गोंधळून माझ्याकडे पाहिलं, "लव्हली," म्हणाली आणि टेप काढून अंगणाची भिंत मोजायला गेली.

फाटकाची कडी लागते का, ऑगस्टच्या दुपारी सावली कुठे असते, पाणी कुठे ठेवणार, तुम्ही इंडियाला गेलात तर हिला कोण बघणार, असं तिने खोदून खोदून विचारलं. बेटी परीक्षेला बसल्यासारखी उत्तरं देत होती. शेवटी मॅडमने विचारलं, काही अडचण आली तर परत आणून सोडाल का?

"नो," बेटी म्हणाली. "आय विल नॉट रिटर्न हर. नेव्हर."

मॅडमने एक फुगा तोंडात टाकला, दुसरा हातात घेतला आणि म्हणाली, "शी इज युअर्स." बाप कोण, आई कुठल्या वाड्यातली, हे तिने विचारलंच नव्हतं. बेटी किचनमध्ये गेली आणि सिंकचा नळ सोडून मनसोक्त रडली. बघायला येऊन कोणी हो म्हणायची तिच्या आयुष्यातली ती पहिली वेळ. मीही रडले. मॅडम बिचारी अंगणात फुगे खात उभी.

बेटीने तिचं नाव खजुरी ठेवलं. महिन्याभरात खजुरीच्या अंगावर चकाकी आली, फासळ्या दिसेनाशा झाल्या. बेटी दार उघडायची आणि आत कोणीतरी उठून उभं राहायचं. फक्त एक काळजी होती. ही बया भुंकायचीच नाही. बेल वाजो, मांजर येवो, नुसती मान वळवून बघायची. आम्हाला वाटलं, मुकी आहे. बेटी तिच्यासमोर बसून "एकदा तरी भुंक ग माझे आई" अशी विनवणी करायची. माझी लेक विनिता म्हणाली, "मावशी, मेबी शी इज जस्ट पोलाइट."

डिसेंबरात हवा गार झाली आणि मॉरिसने आपली सगळी पॉमेरियन एसी खोलीतून मागच्या अंगणात हलवली. गल्लीच्या टोकाला बेकरीवाला हमदुल्ला पहाटेपासून भट्टीपुढे राबून दुपारी झोपायचा. त्याची झोप उडाली. त्याने अहमदकडे तक्रार केली की कोणाचा तरी कुत्रा दुपारभर भुंकतो. अहमदने जुना भाडेकरू म्हणून मॉरिसला फोन केला. मॉरिस म्हणाला, "ती मागे आलीय ना, रस्त्यावरची मिक्स कुत्री. तिचंच काम."

अहमदचा फोन बेटीनेच घेतला. बोलणं संपल्यावर ती माझ्याकडे वळली. "दुपारी येतोय," ती म्हणाली. "खलास, स्मिता. घर गेलं." त्यापेक्षा खजुरी परत कर, असं म्हणायची माझी छाती झाली नाही. तिने त्या मॅडमला दिलेलं उत्तर मी माझ्या कानांनी ऐकलं होतं.

एक वाजता ऑफिस सुटलं आणि चारला परत उघडेपर्यंत आम्हाला वेळ होता. दोन वाजता अहमद आला, मागोमाग डोळे चोळत हमदुल्ला, आणि साक्षीदार म्हणून मॉरिस, इस्त्रीच्या शर्टात. बेटीने बोरीखाली खुर्च्या मांडल्या, चहा आणला. खजुरीने उठून पाहुण्यांकडे बघितलं आणि परत सावलीत अंग टाकलं.

"आय टोल्ड हर," मॉरिस म्हणाला. "अहमदभाई, इसका माँ-बाप किसी को मालूम नहीं. ऐसा कुत्ता भौंकेगाच."

अहमदने कप खाली ठेवला. "मॅडम, मैने पहले दिन बोला था."

बेटी काही बोलणार, तेवढ्यात गल्लीत पाण्याचा टँकर शिरला आणि ड्रायव्हरने लांबलचक हॉर्न दिला. दोन घरं पलीकडे जो काही स्फोट झाला! वीसेक गळे एकदम, चिरके, न थांबणारे. खजुरीने उभा कान थोडा हलवला आणि डोळे मिटून घेतले.

हमदुल्ला खुर्चीतून ताडकन उठून मालकाकडे वळला. "यही! अरबाब, यही आवाज!"

अहमदने मॉरिसकडे बघितलं. "कितने हैं?"

"दो... तीन," मॉरिस म्हणाला.

अहमद उठला आणि स्वतः जाऊन बघून आला. परतला तेव्हा त्याच्या शुभ्र कंदुऱ्यावर पांढरे केस चिकटले होते आणि चेहरा तांबडा झाला होता. "तीन? मेरे घर में तुमने दुकान खोला है, मॉरिस? यल्ला, इस महीने में सब बाहर." मग तो खजुरीपाशी उकिडवा बसला. तिने मान वर करून त्याचा हात हुंगला. "सलुकी?" त्याने बेटीला विचारलं.

"हाफ सलुकी," बेटी म्हणाली. "हाफ मालूम नहीं."

"अच्छी है," अहमद म्हणाला आणि दुसरा कप मागून घेतला.

खरं तर इथेच सगळं संपलं होतं. पण बेटी मॉरिससमोर जाऊन उभी राहिली आणि फोनवरच्या त्या गोड, स्पष्ट आवाजात बोलली, "मॉरिस, माझी आई कोळीवाड्यातली होती. तिच्या हातचे फुगे तू ताटभर खाल्लेस आणि आमच्या रक्ताला नाव ठेवलंस. ती गेली तोपर्यंत तिला वाटत होतं की चूक तिची आहे. मलाही वाटायचं, आपल्यातच काहीतरी कमी आहे. आता नाही वाटत. चहा पिऊन जा."

मॉरिसने चहा घेतला नाही. हमदुल्लाने मात्र त्याचाही कप संपवला आणि जाताना बेटीला सांगून गेला की आजपासून खजुरीची रोटी बेकरीकडून.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. माससाठीचा पिवळा ड्रेस बेटीने संध्याकाळीही उतरवला नाही. खजुरीला पट्टा लावला आणि मला म्हणाली, "चल, फिरून येऊ." ती नेहमी गल्लीच्या मागच्या बाजूने जायची. आज सरळ पुढून निघाली, मॉरिसच्या फाटकावरूनच. आतली सगळी पॉमेरियन फाटकाला येऊन चिकटली आणि जीव तोडून भुंकू लागली. खिडकीचा पडदा हलला. खजुरी आपल्या लांब तंगड्या टाकत तोऱ्यात पुढे चालली होती, तिने वळूनसुद्धा बघितलं नाही. बेटीनेही नाही. मी मात्र बघितलं, अगदी थांबून, डोळे भरून बघितलं.