शेजारची धरलेली जागा

सरक बघू जवळ, आणि तो फोन ठेव खाली. वर्षातून एकदा येतेस नि त्यातच डोकं घालून बसतेस! ऐक. चिपळूणच्या एसटीत कॉलेजची एक मुलगी रोज दिसायची. नाव कधी विचारलं नाही. शेजारच्या सीटवर डबा ठेवून ती जागा धरायची. पुढच्या फाट्याला एक मुलगा चढायचा, आयता बसायचा आणि परीक्षेचं बोलत राहायचा. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत ऐकायची. त्याला मात्र पत्ताच नाही हो!

एकदा गाडी भरलेली. तिने डबा उचलला नि मला बसवलं. फाट्यावर तो चढला, मला बघून गोंधळला. मी उठायला लागले तर ती म्हणाली, “बसा हो आजी. जागा आपोआप रिकामी राहत नाही, ते कळू दे त्याला आज.”

बिचारा कानापर्यंत लाल झाला.

संध्याकाळी परतताना बघते तर काय, स्टँडवर गाडी लागताच तोच धावला आणि खिडकीतून रुमाल टाकून तिची जागा धरली. ती बसली, रुमालाची नीट घडी केली, पण परत काही दिला नाही.

तुझीही जागा मी अशीच धरून ठेवलीय गो. पुन्हा लवकर ये.