दयाळाची मारामारी आणि बुधवारची दाढी

गावात त्याला पाखऱ्या म्हणत, आणि ते काही कौतुकानं नव्हे. पाखऱ्याचं केस कापायचं दुकान गावाच्या अगदी टोकाला होतं. दारासमोर रस्ता, पलीकडे एक जुनं पोखरलेलं झाड आणि त्यापुढे नुसती शेतं. दुकानात एकच खुर्ची आणि तिच्यासमोर भिंतभर आरसा. पाखऱ्या दाराकडे पाठ करून उभा राहायचा. हात गिऱ्हाइकाच्या डोक्यावर, डोळे आरशातल्या झाडावर. वसंत सुरू झाला की झाडावर रोज नवं कुणीतरी उतरायचं आणि पाखऱ्याची कात्री हवेतच थांबायची. कधीकधी थांबायची नाही, ते जास्त वाईट. गावातल्या निम्म्या पुरुषांच्या कानामागे एकेका वसंताची खूण होती.

तीस वर्षं आरशातच पक्षी पाहिल्यामुळे त्याच्या वहीत डावं-उजवं सगळं उलटं होतं. एकदा शहरातून पक्षी बघणाऱ्यांची टोळी आली. गळ्यात दुर्बिणी, डोक्यावर हिरव्या टोप्या. पाखऱ्यानं वही उघडून छातीठोकपणे सांगितलं, घुबड डावीकडच्या ढोलीत आहे. मंडळी तासभर डावीकडे माना वर करून उभी राहिली. घुबड उजवीकडच्या ढोलीतून त्यांना बघत होतं.

पाखऱ्याला एक धाकटा भाऊ होता. तो पंप दुरुस्त करायचा, आणि पाखरांचं वेड त्यालाही तेवढंच. दोघं लहानपणापासून एकाच बांधावर पालथे पडून पक्षी बघत आले होते. पण नऊ वर्षांपूर्वी, धाकट्याच्या सासरची माणसं अंगणात चहा पीत बसलेली असताना, कुंपणावर एक राखाडी पक्षी येऊन बसला. पाखऱ्या म्हणाला शिक्रा. धाकटा म्हणाला पावशा. हे दोघे पक्षी दिसायला इतके सारखे की त्यांच्या बायकांचासुद्धा घोटाळा होत असेल. पक्षी उडून गेला, वाद मात्र कुंपणावरच बसून राहिला. शेवटी पाखऱ्या सगळ्यांदेखत म्हणाला, "ह्याला कोंबडी दाखवा, मोर म्हणून सांगेल!" सासरेबुवा खो खो हसले. धाकट्यानं कप खाली ठेवला आणि अबोला धरला.

अबोला धरला म्हणून दाढी वाढायची थांबत नाही. दुसरं दुकान दोन तासांच्या वाटेवर, त्यामुळे धाकटा दर बुधवारी दहाच्या ठोक्याला खुर्चीत येऊन बसायचा आणि आरशाशी बोलायचा.

"आरशा, सांग त्याला, उजवा कल्ला मागच्या खेपेला वर गेला होता."

पाखऱ्याही आरशालाच म्हणायचा, "त्याला सांग, मान सरळ ठेवली तर कल्ले सरळ येतात."

गावाला ही फुकटची करमणूक होती. पाखऱ्याला नव्हती. त्याला भावाची फार आठवण यायची, आणि भाऊ तर दर आठवड्याला गळा पुढे करून समोर बसलेला असायचा. माफी मागायची म्हटलं तर तो शिक्राच होता ना!

यंदा समोरच्या झाडाच्या ढोलीत दयाळाच्या जोडीनं घरटं केलं. तीन पिल्लं झाली. नर काळा-पांढरा, शेपटी उभारून मिरवणारा. पहाटे गायचा, दिवसभर अळ्या आणायचा, मादीही आणायची. पाखऱ्या खूश होता. मग एका शनिवारी नर कशानं तरी दुकानात शिरला आणि त्याला आरशात दुसरा दयाळ दिसला.

त्यानं आरशावर झेपच घेतली. समोरच्यानंही घेतली. नर चिडला, समोरचा तितकाच चिडला. चोच आपटून आपटून काचेवर लाल ठिपके उमटले, तरी गडी मागे हटेना. पाखऱ्यानं टॉवेल फडकावून त्याला हाकललं, तो पाच मिनिटांत परत हजर. दार लावून बघितलं, तर दुकान बंद समजून गिऱ्हाइकं परत गेली. आरशावर वर्तमानपत्र चिकटवलं, तर कडेला उरलेल्या चार बोटांच्या पट्टीतसुद्धा त्याला दुश्मन सापडला. तिकडे ढोलीत तीन उघड्या चोची आणि त्यांना भरवायला एकटी मादी. सोमवारी दुपारपर्यंत तिची पार दमछाक झालेली दिसत होती, आणि पिल्लांचा आवाज बारीक झाला होता.

पाखऱ्याला जेवण जाईना. बायकोनं दोन घास वाट पाहिली आणि मग तोंड उघडलं.

"अहो, सगळा आरसाच झाका ना. घ्या ही चादर."

"आणि गिऱ्हाइकांनी कुठं बघायचं?"

"तुम्ही त्यांचं काय केलंय ते जितकं उशिरा बघतील तितकं बरंच आहे."

चादर लागली. मंगळवारी हेडमास्तर आले आणि बिथरलेच. "आरसा असताना मागच्या महिन्यात तुम्ही हे केलंत," ते डोकं दाखवत म्हणाले, "आरसा नसताना काय कराल?" ते तसेच उठून गेले. त्यांच्यामागून आणखी दोघं गेले. पाखऱ्याच्या नाकी नऊ आले. चादर काढली तर पिल्लं मरतात, ठेवली तर दुकान बसतं. मग त्यानं आणि बायकोनं मिळून खुर्चीचे गंजलेले नट सोडवले आणि खुर्ची दाराकडे तोंड करून फिरवली. आता गिऱ्हाइकाला बघायला निदान झाड होतं, शेत होतं, रस्त्यावरचं येणंजाणं होतं. लोकांना ते आवडलंही.

पंचाईत पाखऱ्याची झाली. दाढी करताना समोर उभं राहायचं, म्हणजे झाडाकडे पाठ आणि समोरचा आरसा चादरीखाली. दोन दाढ्यांच्या मध्ये तो धावत दारात जायचा. प्रत्येक वेळी अळी घेऊन येणारी मादीच दिसायची. नर मंगळवारभर चादरीसमोर येऊन बसला, तिच्यावर चोची मारत राहिला. बुधवारी सकाळी तो दुकानात आलाच नाही. झाडावरही दिसेना. एवढं डोकं आपटून घेतलेला पक्षी, कुठे तरी गवतात मरून पडला असेल, असं पाखऱ्याला वाटलं. एकट्या मादीच्यानं तीन पिल्लं निभणार नव्हती.

दहाच्या ठोक्याला धाकटा आला. फिरवलेली खुर्ची बघितली, चादर बघितली. बोलायला कुणीच उरलं नव्हतं. तो गुपचूप बसला, हनुवटी वर केली. पाखऱ्यानं गालांना फेस लावला, वस्तरा परजला आणि भावासमोर वाकला. नऊ वर्षांत एवढ्या जवळून, मध्ये आरसा न घेता त्यानं भावाचं तोंड पाहिलं नव्हतं. भुवया पिकायला लागल्या होत्या. लेकाचा म्हातारा व्हायला लागला आणि आपल्याला सांगितलंसुद्धा नाही, असं त्याला वाटलं.

वस्तरा गळ्यावर होता तेव्हा धाकट्याचे डोळे हलले. पाखऱ्याच्या खांद्यावरून पलीकडे गेले, थोडे वर चढले आणि एका जागी ठरले. ती ढोलीची उंची होती. पाखऱ्याला कळलं, काहीतरी आलंय.

तो वळू शकला असता. वस्तरा उचलायचा, मान फिरवायची, एवढंच काम. पण तेवढ्यात पक्षी ढोलीत शिरला असता. धाकट्याचे ओठ फेसात हलत होते आणि नजर सांगायला आरसा शोधत होती. तो तर त्याच्या पाठीमागे, चादरीखाली राहिलेला.

पाखऱ्यालाच राहवलं नाही. "नर का मादी?" त्यानं थेट भावाच्या तोंडाकडे बघून विचारलं.

धाकट्यानं एकदा भावाकडे बघितलं आणि नजर परत झाडावर नेली.

"नर," धाकटा म्हणाला. "चोचीत अळी आहे. आत गेला."

"नक्की?"

शब्द सुटून गेला. हाच शब्द नऊ वर्षांपूर्वी अंगणात आधी आला होता, कोंबडी आणि मोर नंतर. धाकट्याचे कान लाल झाले. तो खुर्चीतून उठणार, हे पाखऱ्याला गळ्याच्या शिरेवरूनच कळलं.

"बस," पाखऱ्या घाईनं म्हणाला. "तू म्हणतोयस ना, मग नरच. तुझी नजर माझ्यापेक्षा चांगली आहे." आणि दाराकडे एकदाही न वळता त्यानं डाव्या हातानं खिशातली वही काढली, भावाच्या मांडीवर टाकली. "लिही. वेळ घाल."

धाकट्यानं टॉवेलाला बोटं पुसली आणि लिहिलं. मग पुढची खेप लिहिली, मग त्यापुढची. "पुन्हा नर. ह्यावेळी नाकतोडा." "आता मादी." "थांब, हलू नकोस, नर आलाय." बाहेर दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती, बायकोनं त्यांना परस्पर घरी पिटाळलं.

दाढी कधीच संपली होती. पाखऱ्यानं ब्रश पाण्यात बुडवला, स्वच्छ गालांना नव्यानं फेस लावला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.