शंभर पौंडांचं पोतं

"पदर झाड," सोसायटीचा सेक्रेटरी माझ्या आईला म्हणाला. साऱ्या बाया बघत होत्या. आईनं पदर झाडला. खडीची धूळ उडाली, दुसरं काही पडलं नाही. "मंग लुगड्यात आसंल," तो म्हणाला. हसणारे हसले. मी खाली मान घालून उभी राहिले. त्याची लाज मला अजून वाटते.

दुष्काळाचं साल होतं. धारूरच्या डोंगराखाली पाझर तलावाचं काम चालू होतं. मजुरीत धान्य मिळायचं, परदेशातून आलेली तांबडी ज्वारी. वाटप गावच्या सहकारी सोसायटीकडं. दहा बायांच्या टोळीला एक पोतं, म्हणजे एकीला पाच किलो. ट्रकपासून पोतं पाठीवर आणायचं ते मी नाहीतर आईनं, कारण टोळीत महारवाड्यातल्या आम्ही दोघीच. आमच्या पाठीवरून आलेलं चालायचं. वजनकाट्याला मात्र आमचा हात लागलेला चालायचा नाही आणि ओळीत आम्ही शेवटी. मी नववी, आई दहावी. नऊ जणींचं मोजून झालं की आईच्या पदरात ओंजळभर पडायची.

"वाटंत काढून घेता तुमी," सेक्रेटरी म्हणायचा. पोत्याची शिवण शाबूत असायची, पण ऐकतो कोण? शेवटी आम्हालाच आमचा संशय यायला लागला. आई आल्या वाटेनं मागं जाऊन दाणे सांडलेत का बघायची. काम सोडावं तर पंचक्रोशीत दुसरं काम नाही. हजेरीचं मस्टर लिहिणारा सेक्रेटरीचाच भाऊ. जावं कुठं?

मी सातवी शिकलेली. पोत्यावरचे इंग्रजी आकडे कित्येकदा पाठीवर वाहिले, एक दिवस ते वाचले. शंभर पौंड. शाळेच्या गणितात कोष्टक होतं, पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या जरा वर. सोसायटीनं दोन पौंडांचा सरळ एक किलो धरला होता. मी मातीत काडीनं मांडून बघितलं. पंचेचाळीस किलो, वर ओंजळभर. नऊ पाचे पंचेचाळीस. दहावीला काही उरतच नव्हतं, आणि दहावी कोण हे आधीच ठरलेलं होतं.

पुढच्या वाटपाला मी पोतं नेऊन थेट काट्यावर टाकलं. न उसवता. काट्यानं पंचेचाळीस आणि वर थोडं दाखवलं. बायांनी बघितलं. सेक्रेटरीनं आकडा बघितला, मग माझे हात.

"काटा बाटवला हिनं," तो म्हणाला. पोतं खाली ओढायला लावून त्यानं टँकरच्या बादलीभर पाण्यानं काटा धुऊन घेतला. आमच्या घराला दिवसाची एक घागर मिळायची. "उद्यापसून तुमचं मस्टरवर नाव न्हाई."

आईनं माझा दंड धरला. "बये, पाया पड त्येंच्या."

मी दंड सोडवून घेतला आणि पोत्यावर जाऊन बसले.

"नाव कापा," मी म्हणाले. "पर माजी आई चोर न्हाई, हे आदी सगळ्यांम्होरं बोला. तवर ह्यातला दाणा कुणालाच न्हाई."

बायांपैकी एकही माझ्या बाजूनं बोलली नाही. नाही तर नाही. मी उठणार नव्हते.