एकताट्या नथूभाऊ

नथूभाऊ गेल्याचं मला धुळ्याच्या छापखान्यात कळलं. एरंडोलकडून आलेल्या मोटारीच्या क्लीनरनं दारातूनच सांगितलं, की तापानं गेला आणि गावानं खांदा दिला. पहिली गोष्ट समजली. दुसरी समजेना. ज्या गावानं दोन उन्हाळे त्याच्या केळीला पाण्याचा थेंब दिला नाही, त्या गावाला अचानक खांदे कुठून फुटले?

सरळ लिहितो, कोणाला झोंबलं तर झोंबू द्या. स्वातंत्र्य आलं त्याच सुमारास चाळीसगावकडून एक बाबा आमच्या भागात आला. देवळात जाऊ नका, जात विचारू नका, अमावस्येला सगळ्यांनी एका परातीत जेवा, एवढाच त्याचा धर्म. त्याची माणसं स्वतःला 'सोबती' म्हणत. गावानं त्यांना नाव दिलं, एकताटे. शिवी नव्हती ती, शिवी परवडली. शिवी देऊन माणूस विसरतो तरी. हे नाव दुकानात, शाळेत, सोयरिकीत सगळीकडे आधी जाऊन बसायचं. नथूभाऊ वेशीबाहेरच्या भिकासोबत परातीला बसला, आणि दुसऱ्या दिवसापासून पारावरची मंडळी विचारू लागली, "काय नथू, आज कोनं उष्टं?" तो हसायचा. म्हणायचा, तुम्हीही या, अजून उरलंय.

मी त्या बाबाच्या विरुद्ध पत्रकं काढली होती. मला बाबा नकोत, कोणतेच. तीच पत्रकं वाटताना नथूभाऊची ओळख झाली. त्यानं पत्रक वाचलं, घडी घालून टोपीत ठेवलं आणि मला जेवायला नेलं. भांडत भांडत आम्ही जेवलो... तेव्हापासून धुळ्याहून निघालो की माझा मुक्काम त्याच्याकडेच.

पुढं बाबा एका बड्या जमीनदाराच्या वाड्यात राहायला गेला आणि तिथं ताटं वेगळी मांडू लागला. सोबती पांगले. नथूभाऊनं बाबाचं नावसुद्धा टाकलं. पण गावानं दिलेलं नाव सुटेना. विहीर सामाईक, थोरला भाऊ आबा आणि इतर भाऊबंद भागीदार. मोटेची पाळी ठरवायला बसले की याची पाळी तेवढी निघायची नाही. ऐन वैशाखात केळीची पानं फाटून लोंबायला लागली. आबाचं म्हणणं एकच होतं. मारुतीच्या पारावर उभं राहायचं आणि चारचौघांत म्हणायचं, मी त्यांच्यातला नाही. लगेच पाणी.

मी त्याला म्हटलं, भाऊ, हे खरंच आहे की. बाबाला तू सोडलंस. मग म्हणून टाक.

तो बांधावर बसून वाळलेलं पान चुरत होता. म्हणाला, "बाबाले मी सोडं. पन भिकासंगे जेवनू, ते कसं सोडू? मी त्यासमा नही म्हनसू, ते भिका काय समजी?"

बाग उभी वाळली. पुढल्या उन्हाळ्यात निम्मी लावली, तीही वाळली. मग ताप आला.

दहाव्याला गेलो तेव्हा खांद्याचा उलगडा झाला. नदीवर आबा लोकांना सांगत होता, की शेवटच्या दिवशी नथूनं आपला हात धरून चूक कबूल केली, तो आपल्यात परत आला. भिका पलीकडच्या काठावर उभा होता. त्याला ते ऐकू जात होतं. मी उठलो आणि म्हणालो, हे खोटं आहे. नथूभाऊच्या बायकोनं, गिरजावहिनीनं, मला बाजूला नेलं. डोळ्यांत पाणी नव्हतं तिच्या.

"तू धुळ्याले जाशी, भाऊ. माले आठेच ऱ्हावानं शे. केळीले पानी लागस."

मी बसलो. जिवंतपणी जे वाक्य त्याच्या तोंडून कोणी काढू शकलं नाही, ते मेल्यावर त्याच्या तोंडात घातलं, आणि आम्ही सगळे पाहत राहिलो. याला कुठल्या कायद्यात कलम आहे?

परवा पुन्हा गेलो होतो. पाळी मिळते आहे. बागेत नवे कंद लावलेत, सरीत पाणी खळाळत होतं. वहिनीनं जेवायला बसवलं. ताट पुढं आलं आणि माझा हात थांबला. भाकरी, भाजी, कांदा, सगळं ताटाच्या एकाच अंगाला, निम्मं ताट रिकामं. नथूभाऊ घरी एकटा जेवतानाही असंच वाढून घ्यायचा. कोणी आलंच तर बसायला जागा हवी म्हणायचा. वहिनीच्या हाताला ते अजून ठाऊक होतं.

तेवढ्यात दारात आबाची बायको येऊन उभी राहिली. वहिनी खाली वाकली आणि तिनं बोटांनी भाजी ताटभर पसरवली.